दोन वर्षांच्या पदवीत नेटवर्किंग शिकताना वेळ कशावर घालवावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संगणक नेटवर्किंगच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयीन पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा विचार आहे. एवढ्या काळात कामापुरते शिकून होते का, की चार वर्षांच्या पदवीलाच जावे? सगळे क्लाउडवर आणि स्वयंचलित होत असताना या विषयात पुढे काम उरेल का? आणि प्रमाणपत्र परीक्षा द्याव्यात की नाहीत? मी वीसहून अधिक वर्षे नेटवर्क उभारण्याच्या आणि सांभाळण्याच्या कामात आहे, मधली काही वर्षे अशाच अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना संध्याकाळच्या वर्गात शिकवले आहे आणि नोकरीसाठी आलेल्या बऱ्याच उमेदवारांच्या मुलाखतीही घेतल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की दोन वर्षे पुरतात. मात्र त्या दोन वर्षांत सगळे काही थोडे थोडे शिकण्याचा मोह आवरून एक गोष्ट पक्की शिकली पाहिजे. ती गोष्ट म्हणजे, एका टोकाकडून निघालेले पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा एक तुकडा, दुसऱ्या टोकाला पोचले नाही, तर ते नेमके कुठे आणि कशामुळे अडले हे पुराव्यानिशी शोधून काढणे.

हे ऐकायला फार साधे वाटते, म्हणून एक प्रसंग जरा तपशिलाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या दूरच्या शाखेतून तक्रार आली की मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवरचे त्यांचे कामाचे संकेतस्थळ नीट उघडत नाही. ते पूर्ण बंद नव्हते. नाव आणि पासवर्ड विचारणारे छोटे पान लगेच यायचे, पण आत गेल्यावर येणारे मोठे पान अर्धवट राहून नुसते फिरत बसायचे. पिंग, म्हणजे समोरचा संगणक उत्तर देतो का हे पाहणारी छोटी चाचणी, व्यवस्थित चालत होते. पिंग चालते म्हणजे नेटवर्क ठीक आहे, तेव्हा दोष सर्व्हरचा, असा निष्कर्ष निघाला; सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी सर्व्हर तपासून तो ठणठणीत असल्याचे सांगितले; आणि तीन दिवस ती तक्रार या विभागातून त्या विभागात फिरत राहिली. आदल्या आठवड्यात शाखा आणि मुख्य कार्यालय यांना जोडणारा नवा जीआरई टनेल, म्हणजे एका पॅकेटला दुसऱ्यात गुंडाळून नेणारी वाट, सुरू झाला होता, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण टनेलमधून पिंग जात असल्यामुळे त्याच्यावर कोणाचा संशय गेला नाही.

मी दोन्ही टोकांना वायरशार्क हे पॅकेट पकडून दाखवणारे सॉफ्टवेअर लावून एकाच वेळी पॅकेट कॅप्चर केले. शाखेच्या संगणकावर दिसले ते असे: सिन गेले, सिन-ॲक आले, ॲक गेले, म्हणजे टीसीपीचे (दोन संगणकांत माहिती खात्रीने पोचवणाऱ्या पद्धतीचे) तीन टप्प्यांचे हस्तांदोलन पूर्ण झाले, मग संगणकाने पानाची मागणी पाठवली, ती पोचल्याची पावतीही आली, आणि त्यानंतर शांतता. सर्व्हरच्या टोकाला मात्र शांतता नव्हती. तिथे सर्व्हर १५०० बाइटचे भरलेले पॅकेट पाठवत होता, पावती येत नाही म्हणून तेच पुन्हा पाठवत होता, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून पुन्हा पाठवत होता. लहान पॅकेट जातात आणि मोठी जात नाहीत, एवढे या दोन चित्रांवरून उघड झाले. मग सर्व्हरवरून शाखेकडे, तुकडे करू नयेत अशी खूण लावून, वेगवेगळ्या आकाराची पिंग पाठवली. १४७२ बाइटचे पिंग गेले नाही, १४४८ बाइटचे गेले. पिंगच्या मजकुराला ८ बाइटचे आयसीएमपीचे (नेटवर्कवरचे निरोप आणि चाचण्या वाहणाऱ्या पद्धतीचे) आणि २० बाइटचे आयपीचे (पत्त्यांनुसार पॅकेट पोचवणाऱ्या पद्धतीचे) शीर्ष लागते, म्हणजे १४७२ चे एकूण १५०० होतात आणि १४४८ चे १४७६. जीआरई टनेल प्रत्येक पॅकेटभोवती स्वतःचे २४ बाइट गुंडाळतो, त्यामुळे १५०० बाइटपर्यंतचे पॅकेट नेणाऱ्या वाटेवर मूळ पॅकेटला १४७६ बाइटच जागा उरते. हिशेब तंतोतंत जुळला.

आता प्रश्न उरला की सर्व्हरला हे कळत का नव्हते. असे मोठे पॅकेट पुढे नेता आले नाही की राउटरने, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पॅकेट नेणाऱ्या उपकरणाने, पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा एक संदेश द्यायचा असतो: तुकडे करणे आवश्यक आहे, पण तशी परवानगी नाही. राउटर तो संदेश इमानाने पाठवत होता. नको ती ये-जा अडवणाऱ्या मधल्या फायरवॉलवर मात्र पिंगपुरते आयसीएमपी सोडून बाकीचे सगळे आयसीएमपी सुरक्षिततेच्या नावाखाली अडवलेले होते. सर्व्हरपर्यंत निरोपच पोचत नव्हता, म्हणून तो बिचारा तेवढेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. फायरवॉलवर त्या एका प्रकारच्या संदेशाला वाट दिली, टनेलवर टीसीपीच्या तुकड्याची कमाल मर्यादा १४३६ बाइटवर आणली, आणि तीन दिवसांची तक्रार संपली.

हा प्रसंग निवडण्याचे कारण असे की यात लागलेले ज्ञान दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातलेच आहे. शीर्ष किती बाइटचे असते, हस्तांदोलन कसे होते, इथरनेटच्या (केबलवरच्या नेटवर्कच्या) फ्रेममध्ये, म्हणजे पॅकेटभोवतीच्या वेष्टनात, किती बाइट मावतात, आयसीएमपी कशासाठी असते, हे प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत लिहितो. तीन दिवस त्या तक्रारीवर बसलेल्या मंडळींनीही ते कधी काळी लिहिले असणार. फरक एवढाच की ते ज्ञान त्यांच्याकडे उत्तरपत्रिकेसाठी होते आणि त्याचा उपयोग बिघाडाच्या वेळी करायचा असतो हे त्यांना कोणी करून दाखवले नव्हते. तेव्हा अभ्यासक्रमात वायरशार्क हा एखाद्या प्रकरणातला अर्ध्या तासाचा विषय असला, तरी तुम्ही तो पहिल्या महिन्यात संगणकावर बसवा आणि चारही सत्रे उघडा ठेवा. तो मोफत आहे. डीएचसीपी, म्हणजे संगणकाला आपोआप पत्ता देणारी पद्धत, शिकवली त्या दिवशी आपल्याच संगणकाने पत्ता मागितल्याची चार पॅकेट पकडून पाहा. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी पद्धत, शिकवली त्या दिवशी एका नावाची विचारणा आणि उत्तर पाहा. पाठ केलेली आकृती विसरते, पण स्वतः पकडलेले पॅकेट विसरत नाही.

पहिल्या सत्रात केबलचे प्रात्यक्षिक असते आणि बरेच विद्यार्थी ते हमालीचे काम समजून उरकतात. माझ्या वर्गात एका विद्यार्थ्याने केबल बनवून आणली. रंग त्याने फार नीटनेटके लावले होते: केसरीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरी, आणि दोन्ही टोकांना अगदी तसेच. टेस्टर लावला तर आठही दिवे ओळीने लागले. "सर, चालते आहे," तो म्हणाला, आणि हातभर लांबीची ती केबल खरोखरच चालत होती. त्याच रीतीने त्याला पन्नास मीटरची केबल करायला सांगितली, तेव्हा स्विचच्या (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाच्या) पोर्टवर सीआरसीच्या चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा, आकडा भराभर वाढू लागला. कारण असे की इथरनेट ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर एका जोडीचा संकेत पाठवते, म्हणून टी५६८बी या मांडणीत हिरव्या जोडीची एक तार तिसऱ्या पिनवर आणि दुसरी सहाव्या पिनवर जाते, आणि निळी जोडी त्यांच्या मध्ये बसते. त्याच्या केबलमध्ये तिसऱ्या पिनवर हिरव्या जोडीची तार होती आणि सहाव्या पिनवर निळीची. संकेत दोन वेगवेगळ्या पिळांतून चालला होता, त्यामुळे तारांना पीळ देण्याचा हेतूच वाया गेला होता. दिव्यांचा टेस्टर फक्त तार इथून तिथे पोचते का एवढेच सांगतो. ती कोणाच्या सोबतीने पोचते हे तो सांगत नाही. त्या विद्यार्थ्याला त्या दुपारी जे समजले, ते मी फळ्यावर तास दीड तास लिहून समजावू शकलो नसतो. तेव्हा केबल स्वतः बनवा, मुद्दाम चुकीची बनवा, आणि मग स्विचवरचे आकडे काय सांगतात ते वाचा.

सबनेटिंगच्या, म्हणजे पत्त्यांचे लहान गट पाडण्याच्या, बाबतीत माझे मत काहीसे कठोर आहे. इंटरनेटवर हिशेब करून देणारी साधने भरपूर आहेत आणि कामावर ती आपण सगळेच वापरतो, पण पहिले सहा महिने ती वापरू नयेत. १९२.१६८.१०.७०/२६ असे पाहिले की /२६ म्हणजे ३२ पैकी २६ बिट नेटवर्कचे आणि यजमानासाठी (संगणकासाठी) सहा बिट उरले, सहा बिटांत ६४ पत्त्यांचा गट होतो, गट ०, ६४, १२८ आणि १९२ ला सुरू होतात, ७० हा ६४ च्या गटात पडतो, त्यातला ६४ हा नेटवर्कचा आणि १२७ हा ब्रॉडकास्टचा, म्हणजे गटातल्या सगळ्यांना एकदम पाठवण्याचा, पत्ता, वापरायला राहिले ६२, हे सगळे कागदाशिवाय डोळ्यांसमोर यायला हवे. ते कशासाठी? त्याच संगणकावर गेटवे म्हणून १९२.१६८.१०.१ लिहिलेला दिसला, तर त्या क्षणी खटकले पाहिजे की हा गेटवे आधीच्या गटातला आहे; बाहेर जाण्याचे दार ज्या खोलीला आहे त्या खोलीत हा संगणकच नाही. कोणी तरी /२४ लिहिण्याऐवजी /२६ लिहिले, एवढीच चूक. ज्याला गट डोळ्यांसमोर दिसतात त्याला ती दहा सेकंदांत सापडते; ज्याला दिसत नाहीत तो राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो. याच धर्तीवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की संगणकाला डीएचसीपीकडून उत्तर मिळालेले नाही, हे मनात आपोआप यावे.

आयपीव्ही६ चा, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, धडा बहुतेक ठिकाणी सत्राच्या शेवटी येतो आणि घाईत निघून जातो. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. मोबाइल नेटवर्क आणि मोठ्या सेवा आज मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वर चालतात. शिक्षकांनी तो धडा गाळला तरी तुम्ही गाळू नका.

नेटवर्कचे काम सात थरांत मांडणारा ओएसआय नमुना सगळीकडे पहिल्याच आठवड्यात शिकवतात आणि विद्यार्थी तो क्रमाने पाठ करतात. तो १९८४ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या आधीच, १ जानेवारी १९८३ रोजी, इंटरनेटचे पूर्वरूप असलेले अर्पानेट टीसीपी-आयपीवर गेले होते. प्रत्यक्षात इंटरनेट टीसीपी-आयपीवरच चालते, सात थरांवर नाही. मग तो शिकायचा कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे की तो नमुना बिघाडाची वाटणी करण्यासाठी उपयोगी पडतो. पोर्टचा दिवा लागला आहे का, स्विचला संगणकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसतो का, गेटवेला पिंग जाते का, नाव विचारल्यावर डीएनएसचे उत्तर येते का, संकेतस्थळाचे पोर्ट ४४३ उघडे आहे का: खालून वर चढत जाणारा हा क्रम अंगवळणी पडला की माणूस भांबावत नाही. वर सांगितलेल्या प्रसंगात पिंग चालते या एका गोष्टीवर तिसरा थर निर्दोष ठरवून मंडळी थेट सातव्यावर गेली, तिथेच घसरली.

स्विचिंगमध्ये व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क पाडणे) आणि स्पॅनिंग ट्री (स्विचमधले फेरे तोडणारी पद्धत) या दोन गोष्टींना भरपूर वेळ द्या. स्पॅनिंग ट्री समजण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ते नसताना काय होते ते पाहणे. प्रयोगशाळेत, बाकीच्या नेटवर्कपासून पूर्ण तोडलेले दोन स्विच घ्या, स्पॅनिंग ट्री बंद करा, त्यांना दोन केबलांनी जोडा आणि एखादा संगणक लावून एआरपीची, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याची, एक विचारणा होऊ द्या. काही सेकंदांत सगळे दिवे एकसारखे भडकतात आणि कशालाच उत्तर मिळेनासे होते. आयपीच्या पॅकेटवर आयुष्याची मर्यादा लिहिलेली असते, प्रत्येक राउटर ती एकाने कमी करतो आणि शून्यावर पॅकेट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेमवर तशी कोणतीही मर्यादा नाही, त्यामुळे ब्रॉडकास्टची फ्रेम त्या फेऱ्यात फिरत राहते आणि तिच्या प्रती वाढत जातात. हे डोळ्यांनी पाहिल्यावर संगणकशास्त्रज्ञ राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढलेली ती युक्ती, म्हणजे जास्तीच्या वाटा तात्पुरत्या बंद ठेवून जाळ्याचे झाड करणे, किती मोलाची आहे ते कळते. कोणीतरी बैठकीच्या खोलीतली मोकळी केबल भिंतीतल्या दुसऱ्या जागेत खोचली आणि मजलाभर नेटवर्क बसले, असे प्रसंग नोकरीच्या पहिल्या वर्षात तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता बरीच आहे.

राउटिंगमध्ये ओएसपीएफ (एका संस्थेच्या जाळ्यातल्या वाटा ठरवणारी पद्धत) नीट शिका आणि बीजीपीची (वेगवेगळ्या संस्थांच्या जाळ्यांमधल्या वाटा जाहीर करणाऱ्या पद्धतीची) तोंडओळख करून घ्या. दोन वर्षांत बीजीपीत पारंगत होण्याची अपेक्षा कोणी ठेवत नाही. पण ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले तेव्हा काय झाले होते, एवढे समजण्याइतकी ओळख असावी. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने कंपनीचे अंतर्गत मुख्य जाळे तुटले. डीएनएस सर्व्हरना माहिती केंद्रे दिसेनाशी झाल्यावर त्यांनी ठरल्याप्रमाणे आपल्या बीजीपीच्या घोषणा मागे घेतल्या. सर्व्हर चालू असूनही त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट जगाला दिसेना, आणि दुरुस्तीसाठी लागणारी कंपनीची स्वतःची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे अडकली. डीएनएस आणि राउटिंग हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. ते एकमेकांत कसे गुंतलेले असतात याचा यापेक्षा बोलका धडा मला माहीत नाही. मुख्य जाळे पडले तर उपकरणापर्यंत पोचायला वेगळी वाट ठेवलेली असावी, हा नियमही त्यातूनच शिकण्यासारखा आहे.

वायरलेसचा विषय मी लांबवत नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ या वाहिन्याच एकमेकींवर चढत नाहीत, हे तत्त्व समजले आणि एकदा प्रत्यक्ष इमारतीत फिरून सिग्नल मोजला, की पदवीपुरते पुष्कळ झाले.

सरावासाठी नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर बहुतेक महाविद्यालयांत वापरतात. ते चांगले आहे आणि सुरुवात त्यावरच करावी, पण ती नक्कल आहे, याचे भान ठेवावे. खऱ्या उपकरणातल्या बऱ्याच कमांड त्यात नसतात, आणि त्यात केबल सैल होत नाही, पंखा बंद पडत नाही, फायबरच्या टोकावर धूळ बसत नाही. जीएनएस३ सारख्या साधनांत राउटरची खरी प्रणाली चालवता येते, म्हणून दुसऱ्या वर्षी तिकडे वळावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सरावाची पद्धत बदलावी. प्रयोगशाळेतले प्रात्यक्षिक पुस्तिकेत दिलेल्या कमांड क्रमाने लिहिल्या, पिंग गेले, शिक्षकांची सही घेतली, असे संपते. सही झाल्यावर उरलेल्या वेळात शेजारच्या मित्राला आपल्या मांडणीत एक चूक करून ठेवायला सांगा: कुठे व्हीलॅन बदललेला, कुठे मास्क चुकवलेला, कुठे पोर्ट बंद केलेले. ती तुम्ही शोधा, आणि त्याच्यासाठी तुम्ही एक चूक पेरा. शोधताना काय वाटले, काय तपासले, काय निघाले हे तीन ओळींत वहीत लिहा. मी शिकवलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी हे दोन वर्षे केले, त्यांना मुलाखतीत वेगळी तयारी करावी लागली नाही. ती वहीच त्यांची तयारी होती.

प्रमाणपत्रांविषयी. सिस्कोची सीसीएनए आणि कॉम्प्टियाची नेटवर्क प्लस या दोन परीक्षा या पातळीवर ओळखल्या जातात. पहिलीत सिस्कोच्या उपकरणांचा भाग मोठा आहे, दुसरी कोणा एका कंपनीला बांधलेली नाही, आणि दोन्हींची मुदत तीन वर्षांची असते. बऱ्याच दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचेच धडे शिकवले जातात, त्यामुळे अभ्यास बराचसा झालेलाच असतो. माझा सल्ला असा की तिसऱ्या सत्रानंतर, सगळे ताजे असताना, यांपैकी एक परीक्षा द्यावी. दोन्ही देण्याची गरज नाही. अर्जांच्या ढिगातून नाव वर येण्यासाठी प्रमाणपत्राचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण फुटलेल्या प्रश्नांचे संच पाठ करून मिळवलेले प्रमाणपत्र मुलाखतीच्या पहिल्या दहा मिनिटांत उघडे पडते. मी उमेदवाराला जवळजवळ नेहमी एकच प्रश्न विचारतो: नुकताच सुरू केलेला संगणक आहे, ब्राउझरमध्ये एका संकेतस्थळाचे नाव लिहिले, पान दिसेपर्यंत काय काय होते ते सांगा. कोणी दोन वाक्यांत संपवतो. कोणी डीएचसीपीपासून सुरुवात करून एआरपी, डीएनएस, हस्तांदोलन, कूटलेखनाची बोलणी असे सांगत अर्धा तास बोलतो, आणि मध्येच थांबून "हे मला नक्की माहीत नाही, पण असे तपासून पाहीन" असे म्हणतो. त्या दुसऱ्याकडे प्रमाणपत्र आहे की नाही हे मी नंतर पाहतो.

आता क्लाउड आणि स्वयंचलनाच्या भीतीकडे येतो. क्लाउडमध्ये केबल दिसत नाही, पण सबनेट, राउट टेबल, फायरवॉलचे नियम, डीएनएस आणि टनेल हे सगळे तिथे आहेच. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते राखीव असतात, त्यामुळे /२८ च्या १६ पत्त्यांतून वापरायला ११ च मिळतात. ज्याने सबनेटिंग हाताने केले आहे त्याला हा फरक एकदा वाचून कळतो, ज्याने केले नाही त्याला तो कोडे वाटतो. कमी होत चालले आहे ते काम म्हणजे एकेका स्विचवर जाऊन त्याच त्या कमांड लिहिण्याचे, आणि ते कमी होणे योग्यच आहे. म्हणून अभ्यासक्रमात लिनक्स आणि पायथन ऐच्छिक असतील तर ते घ्याच. मोठा प्रोग्रामर होण्याची गरज नाही. चाळीस स्विचवर आपोआप लॉगिन करून त्यांची मांडणी फाइलमध्ये साठवणारी आणि कालच्या फाइलशी ताडून फरक दाखवणारी पायथनची लिपी (स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम) स्वतः लिहिता आली, की नवख्या माणसासाठी ती मोठी मजल आहे. मात्र बदल करणारी लिपी चालवण्याआधी ती फक्त वाचणारी करून पाहावी, कारण हाताने केलेली चूक एका उपकरणावर होते आणि लिपीने केलेली चाळीसांवर.

लेखनाकडे कोणी लक्ष वेधत नाही, म्हणून मी वेधतो. नेटवर्कच्या माणसाचा दिवसातला बराच वेळ लिहिण्यात जातो: तक्रारीची नोंद, बदलाचा प्रस्ताव, जाळ्याची आकृती, रात्री काय झाले याचा सकाळचा अहवाल. "पोर्ट ठीक केले" अशी नोंद पुढच्या माणसाच्या काहीच कामाची नसते. कोणते पोर्ट, आधी काय होते, काय बदलले, का बदलले आणि उलटवायचे असेल तर कसे, हे पाच मुद्दे चार वाक्यांत बसतात. अभ्यासक्रमात भाषेचा किंवा तांत्रिक लेखनाचा विषय असेल तर तो सोपा म्हणून सोडून देऊ नका.

दोन वर्षे की चार, याचे उत्तर तुम्हाला पुढे काय करायचे आहे यावर ठरते. नेटवर्क उभारणे, चालवणे, दुरुस्त करणे हे करायचे असेल, तर दोन वर्षांची पदवी तुम्हाला दारातून आत नेते. प्रोटोकॉल रचणे, राउटरचे सॉफ्टवेअर लिहिणे किंवा संशोधन करणे मनात असेल, तर अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, संभाव्यता आणि रांगांचे गणित लागते आणि ते दोन वर्षांत शिकवले जात नाही. काही नोकऱ्यांच्या आणि विशेषतः पुढच्या बढत्यांच्या अटींत चार वर्षांची पदवी लिहिलेली असते, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. म्हणून दार उघडे ठेवावे: आपल्या दोन वर्षांचे श्रेयांक कोणत्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात आणि किती प्रमाणात धरले जातात, हे प्रवेशाआधी दोन्ही महाविद्यालयांकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबलेल्या विद्यार्थ्यांना गणिताचे विषय पुन्हा करावे लागलेले मी पाहिले आहेत. ते दुःख टाळता येण्यासारखे असते.

पहिल्या नोकरीविषयी अपेक्षा नीट ठेवा. पदवीनंतर लगेच नेटवर्क अभियंता असे पद क्वचित मिळते. सुरुवात बहुधा मदतकक्षात, नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रातल्या रात्रपाळीत किंवा केबल टाकणाऱ्या चमूत होते. यात कमीपणा काहीच नाही. रात्रपाळीच्या वर्षभरात जितके बिघाड डोळ्यांखालून जातात तितके दिवसाच्या कामात तीन वर्षांतही जात नाहीत. फक्त नोंद वरच्याकडे पाठवून मोकळे होऊ नका. त्याने पुढे काय केले ते दुसऱ्या दिवशी वाचा आणि आपल्या वहीत उतरवा.

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाची प्रयोगशाळा स्वतः जाऊन पाहा, शक्यतो वर्ग चालू असताना. उपकरणे जुनी असली तरी चालतील. इथरनेट, व्हीलॅन आणि ओएसपीएफ दहा वर्षांपूर्वीच्या स्विचवर आणि राउटरवरही तसेच शिकता येतात. स्विच काचेच्या कपाटात बंद आहेत, की त्यांच्या केबली विद्यार्थी स्वतः काढतात आणि घालतात, ते पाहा. एका उपकरणाभोवती किती विद्यार्थी उभे आहेत ते मोजा. वर्गाच्या वेळेबाहेर प्रयोगशाळा उघडी असते का, आणि विद्यार्थ्याने मांडणी बिघडवली तर ती पूर्ववत करण्याचे काम त्याच्याकडेच देतात का, हे तिथल्या सहायकाला विचारा. शिकवणाऱ्यांपैकी कोणी सध्या प्रत्यक्ष नेटवर्क सांभाळते आहे का, तेही विचारा. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर माहितीपत्रकात विषयांची यादी छोटी असली तरी तिथे प्रवेश घ्यायला हरकत नाही.